‘मी तिथे नव्हतोच’: एका बचावाची कुळकथा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या ओरोसच्या जिल्हा व सत्र न्यायालयात फौजदारी खटल्यातले सरकार पक्षाचे साक्षीदार संपले, की न्यायाधीश आरोपीपुढे पुराव्यातला एकेक मुद्दा ठेवतात आणि त्याचे म्हणणे विचारतात. ‘हे खोटे आहे’, ‘मला ठाऊक नाही’ अशी उत्तरे येत राहतात. एखादा आरोपी मात्र सांगतो, ‘साहेब, त्या रात्री मी मालवणात नव्हतोच, मुंबईला होतो.’ कायद्याच्या पुस्तकांत या बचावाला ‘अ‍ॅलिबी’ म्हणतात. मराठीत ‘अन्यत्र उपस्थितीचा बचाव’. निरपराध माणसाच्या तोंडी सहज येणारा हा बचाव सिद्ध करणे मात्र फार अवघड. असे का झाले, हे त्याच्या कुळात शिरल्यावर कळते.

आपल्याकडचे त्याचे घराणे जुने आहे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. काळ अकराव्या शतकाच्या अखेरीचा आणि बाराव्याच्या आरंभाचा. प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार तिथे मानले आहेत: कबुली, नकार, वेगळे कारण दाखवणे आणि या वादाचा निवाडा पूर्वीच झाल्याचे सांगणे. नकाराचेही पुन्हा चार प्रकार. हे खोटे आहे. मला माहीत नाही. तेव्हा मी तिथे हजर नव्हतो. त्या वेळी माझा जन्मच झाला नव्हता. यातला तिसरा म्हणजे आपला हा बचाव. तो नकारात मोडत असल्यामुळे सिद्धतेचे ओझे मूळ वादीवरच राही. वेगळे कारण सांगणाऱ्या प्रतिवादीला मात्र ते कारण स्वतः शाबीत करावे लागे.

इंग्रजी अमलात हे ओझे हलले. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेला भारतीय पुरावा कायदा १८७२ साली आला. त्याच्या कलम ११ ने या बचावाला जागा दिली आणि उदाहरण दिले ते असे: गुन्हा कलकत्त्यात घडला आणि त्या दिवशी आरोपी लाहोरात होता, तर ही गोष्ट खटल्याशी संबंधित आहे. पण कलम १०३ च्या उदाहरणात दुसरी अट घातली: आपण त्या वेळी दुसरीकडे होतो असे न्यायालयाने मानावे, अशी ज्याची इच्छा असेल, त्याने ते सिद्ध केले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हीच तत्त्वे कलम ९ आणि १०६ मध्ये आहेत. कलकत्ता-लाहोरच्या जागी आता चेन्नई-लडाख आले आहे.

याच स्टीफन यांच्या कायद्याची दुसरी शाखा पश्चिम आफ्रिकेत गेली. नायजेरियाचा १९४३ चा पुरावा कायदा पुराव्याच्या कायद्यावरील त्यांच्या ‘डायजेस्ट’ या ग्रंथावर बेतलेला होता. तिथल्या अपील न्यायालयांनी या बचावाला वेगळे वळण दिले. आरोपीने पहिल्याच संधीला पोलिसांना कुठे होतो, कोणाबरोबर होतो, हे तपशिलाने सांगायचे. पोलिसांनी त्याची शहानिशा करायची. बचाव खोटा पाडण्याची जबाबदारी सरकार पक्षाची. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने आरोपीला घटनास्थळी ठामपणे उभे केले, तर बचाव कोसळतो. पण पोलिसांनी चौकशीच केली नसेल, तर अपिलात तो मुद्दा आरोपीच्या कामी येऊ शकतो.

या बचावाची कदर न झाल्यास काय होते, हे लंडनमध्ये अ‍ॅडॉल्फ बेकच्या खटल्यात दिसले. बायकांना फसवून दागिने लुबाडल्याच्या आरोपावरून १८९६ साली त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. १८७७ साली अशाच गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेला भामटा तो हाच, असे पोलिस मानत होते. १८७७ मध्ये बेक पेरू देशात होता. पण तो पुरावा न्यायाधीशांनी येऊच दिला नाही. १९०४ मध्ये तो पुन्हा दोषी ठरला आणि त्यानंतर खरा भामटा सापडला. या प्रकरणाने उडालेल्या खळबळीतून १९०७ मध्ये इंग्लंडला फौजदारी अपील न्यायालय मिळाले. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात अपिलाची सोय आपल्याकडे त्याआधीपासूनच होती.

 आपल्याकडे १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने दूधनाथ पांडे प्रकरणात या बचावाचे माप ठरवले: आरोपी घटनास्थळी असणे शरीरतः अशक्य होते, इतके दाखवले पाहिजे. मालवणात रात्री नऊला गुन्हा घडला आणि आरोपी आठला कुडाळात दिसला, एवढ्याने भागत नाही. मोटारसायकलवर तेवढ्या वेळात मालवण गाठता येते. त्याच निकालाने बचावाच्या साक्षीदारांनाही सरकारी साक्षीदारांइतकाच मान द्यायला सांगितले. १९९६ च्या बिनयकुमार सिंह निकालाने क्रमही स्पष्ट केला: आधी सरकार पक्षाने आपला आरोप सिद्ध करायचा, मगच आरोपीच्या बचावाकडे वळायचे. मात्र बचाव घेतला, तर तो पूर्ण खात्रीने शाबीत झाला पाहिजे.

ही खात्री तुरुंगात बसलेल्या माणसाने आणायची कुठून? ८ सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांनंतर धरलेल्यांपैकी एक जण त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत होता, असे तिथले गावकरी सांगत होते. दुसरा तर त्या वेळी मुंबई पोलिसांच्याच कोठडीत होता. तरी त्यांना पाच वर्षे तुरुंगात काढावी लागली, आणि पहिल्याला मुंबईच्या विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले ते एप्रिल २०१६ मध्ये. आरोपीवर ओझे टाकायचे, तर पुरावा गोळा करण्याची ताकद ज्यांच्या हाती आहे त्या पोलिसांवर तो वेळेत तपासण्याची सक्तीही हवी. त्या सक्तीवाचून हा नियम न्याय्य होत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्गची अपिले मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातात. अंतर कमी झाले, खर्चही आटोक्यात आला. पण अपिलात न्यायमूर्ती मुख्यतः खालच्या न्यायालयातून आलेले कागद वाचतात. जे तिथे नोंदले गेले नाही, ते वर क्वचितच उभे राहते. म्हणून कोणावर अशी वेळ आलीच, तर कुठे होतो ते पहिल्याच दिवशी सांगा आणि लेखी नोंदवून घ्या. रेल्वेचे तिकीट, कामावरची हजेरी, दवाखान्याचा कागद जपून ठेवा. सीसीटीव्हीचे चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, ते राखून ठेवण्यासाठी वकिलामार्फत लगेच अर्ज करा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. आणि शिक्षा झालीच, तर सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करायला साधारणपणे साठ दिवस असतात. ते हातचे घालवू नका.