बोटावरची शाई

१५ जानेवारी २०२६ रोजी पुणे महापालिकेसाठी मतदान केलं. यंदा बोटावर बाटलीतली शाई लागली नाही, मार्कर फिरला. ही खूण ॲसिटोननं पुसली जाते का, यावर राज्यभर वाद झाला. तेव्हा दुकानातला साधा पर्मनंट मार्कर किती ‘पर्मनंट’ असतो, हे मी घरीच पाहिलं.

फिल्टर पेपरच्या पट्टीवर काळा ठिपका दिला आणि टोक पाण्यात बुडवलं. ठिपका हलला नाही. दुसरी पट्टी स्पिरिटमध्ये धरली, तर काळा रंग वर चढता चढता जांभळ्या-निळ्या पट्ट्यांत फुटला. ही क्रोमॅटोग्राफी. बनावट कागदपत्रांची शाई तपासताना न्यायवैद्यक प्रयोगशाळा हेच तत्त्व वापरतात. मार्करमध्ये रंग, राळ आणि अल्कोहोलसारखं द्रावक असतं. द्रावक उडून जातं, राळ रंग धरून ठेवते. राळ विरघळली की रंगही सुटतो.

बाटलीतल्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. त्याचा त्वचेवरच्या मिठाशी संयोग होऊन सिल्व्हर क्लोराईड बनतं आणि ते उजेडात काळं पडतं. हा नुसता वरून दिलेला रंग नसतो. त्वचा झडेपर्यंत आणि नख वाढेपर्यंत ती खूण राहते.

या शाईचं श्रेय डॉ. सलीमुज्जमां सिद्दीकी यांना दिलं जातं. जन्म १८९७, बाराबंकी, डॉक्टरेट फ्रँकफर्टची. सर्पगंधेतून वेगळ्या केलेल्या द्रव्याला त्यांनी हकीम अजमल खान यांच्यावरून ‘अजमलीन’ नाव दिलं. १९४०च्या दशकात ते भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत होते. १९५१मध्ये ते पाकिस्तानात गेले. शाईचं काम इथेच राहिलं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनं ते पुढे नेलं आणि १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरचा सरकारी कारखाना ही शाई पुरवू लागला.

फाळणीचा विषय निघाला की कोण गेलं, याचा हिशेब अजूनही आमच्याकडेच मागितला जातो. सिद्दीकी गेले, हे खरंच. पण जाण्याआधी ते काय करून गेले, हेही त्याच हिशेबात लिहायला हवं.

आणखी एक. खूण पुसली जाते अशी कुजबुज सुरू झाली की बोगस मतदानाचा संशय सगळ्यात आधी आमच्या मोहल्ल्यांवर येतो. म्हणून शाई पक्की हवी, ही मागणी आपणच सगळ्यांच्या आधी करायला हवी.