‘खो’ कुणी घातला?

मंडळी, आज एका अक्षराच्या शब्दाबद्दल बोलायचं आहे. ‘खो’. शाळेच्या मैदानावर तुम्ही-आम्ही सगळ्यांनी तो घसा बसेस्तोवर ओरडलेला आहे. हा शब्द मैदानावरून उठला, वर्तमानपत्रात जाऊन बसला आणि बसताना त्याने तोंड फिरवलं. ते कसं, ते पाहू.

आधी खेळ. खो-खो जुनाच, पण त्याला नियमांची चौकट मिळाली ती पुण्यात, १९१४ साली डेक्कन जिमखान्याने पुढाकार घेतला तेव्हा. नियम आठवा. ९ जणांपैकी ८ जण एकाआड एक उलट तोंडं करून बसलेले, नववा पळणाऱ्याच्या मागे. त्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, धावता धावता मागे वळताही येत नाही. मग पळणारा पलीकडे गेला की करायचं काय? बसलेल्याच्या पाठीला हात लावायचा, मोठ्याने ‘खो’ म्हणायचं आणि त्याची जागा घ्यायची. नुसता हात लावून चालत नाही, तोंडाने म्हणावंच लागतं. म्हणजे खेळातला खो ही मदत आहे. माझं झालं, आता तू ऊठ!

वर्तमानपत्रात मात्र खो ‘घातला’ जातो, नाहीतर ‘बसतो’. रस्तारुंदीकरणाला खो. भूसंपादनाअभावी बंधाऱ्याला खो. अर्थ थेट उलटा, अडथळा. असं का झालं असावं? माझा आपला अंदाज असा की, हा अर्थ बसलेल्याच्या बाजूने आला. निवांत बसलेल्या माणसाला कुणीतरी मागून येऊन उठवतो आणि त्याची जागा बळकावतो. ‘खुर्चीवरून खो मिळाला’ म्हणताना आपल्या मनात हेच असतं. वर्तमानपत्रांनी तो अर्थ काही शोधून काढला नाही, बोलीतूनच घेतला; पण रोज सकाळी दारात टाकला तो त्यांनी. यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचाही हात आहे बरं का. एका स्तंभाच्या मथळ्यात ‘अडथळा’ बसवताना दमछाक व्हायची, ‘खो’ कुठेही मावतो.

शब्द दोनदा आला की आणखी निराळा. ‘पालिका आणि बांधकाम खात्याचा खो-खो’ म्हणजे टोलवाटोलवी. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर. हा वापर खेळाच्या बराच जवळचा, फक्त इथे पळत कुणीच नसतं. आणि समाजमाध्यमांवर कविता किंवा पुस्तकाचं नाव टाकून ‘माझा खो अमक्याला’ असं लिहितात, तिथे तर शब्द पुन्हा मैदानावर आलाय. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी नेपाळला हरवून तो जिंकला. क्रीडा पानावर खो म्हणजे चपळाई, पहिल्या पानावर खो म्हणजे रखडणं. वाचक गोंधळत नाही, हे विशेष.

मला खटकतं ते वेगळंच. खेळात खो देणारा समोर दिसतो, ओरडून सांगतो. मथळ्यातल्या खो ला मात्र कर्ताच नाही. ‘योजनेला खो’. कुणाचा? वाक्य तर पुरं झालं!

मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो. एका गावाची नळयोजना रखडल्याची बातमी आली, मी मथळा दिला, ‘नळयोजनेला खो’. सुटसुटीत. मी खूश. तिसऱ्या दिवशी त्या गावच्या एक आजी कार्यालयात आल्या, अंकाची घडी पिशवीत. म्हणाल्या, ‘‘बाबा, खो बसला त्ये आमाला ठावं हाय, हंडे आमच्याच डोक्यावर हायेत. पर घातला कुनी, त्ये लिवलंच न्हाई तुमी.’’

मी बातमी पुन्हा वाचली. निधी होता, ठेकेदार होता, जागेचा वाद होता. सही कुणाकडे अडली आहे, ते नव्हतं. वार्ताहराला मी ते विचारलंच नव्हतं, कारण मथळा पुरा वाटत होता. त्याला परत पाठवलं. आठवड्याने दुसरी बातमी आली, तीत टेबल होतं, खातं होतं, तारीख होती. त्या दिवशी मी सुट्टीवर. बातमी आतल्या पानावर लागली आणि सहकाऱ्याने मथळा दिला, ‘नळयोजनेचा खो-खो सुरूच’.