काजळीवरचा जिना

सन 1976, जुलै. धुळ्याहून पहाटे सुटलेल्या एस.टी.त तुमच्या मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं, आत पांझरेकाठची ओली माती, मातीत गांडुळं. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. "लोणचं का रे भाऊ?" शेजारच्या मावशी विचारतात. तुम्ही मुकाट मान हलवता. खरं सांगितलं तर त्या जागा बदलायला उठतील, आणि या गर्दीत ते कुणालाच परवडणारं नाही.

जळगावला कॉलेजच्या प्रयोगशाळेत रॉकेलच्या धुराचा वास कोंडलाय. स्नायूची हालचाल रेखाटणाऱ्या कायमोग्राफच्या ड्रमवर चकचकीत कागद चिकटवून तो धुरकट ज्योतीवर फिरवायचा, काजळी सारखी बसेपर्यंत. बोट लागलं की रेघ उठते आणि कागद वाया जातो. तुमची पदवी पुणे विद्यापीठाची असणार. जळगावला स्वतःचं विद्यापीठ यायला 1990 उजाडायचंय.

ताटलीतला प्राणी फेरेटिमा. लखनौच्या बहलांनी 1926 साली त्याच्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून देशभरचे विद्यार्थी याच गांडुळावर पास होत आलेत. कातडीखाली बाहेरून गोल स्नायू, आतून लांबट. लांबट स्नायूंची पट्टी तुम्ही खाऱ्या पाण्यात ताणून बांधता, वरच्या टोकाचा दोरा तरफेला जोडता. तरफेची टोकदार काडी काजळीला जेमतेम टेकलेली.

"एकच झटका," सर म्हणतात.

तुम्ही कळ दाबता. काडी उचलली जाते, काळ्यावर पांढरी टेकडी उमटते. बेडकाच्या पोटरीचा स्नायू चटकन वर जाऊन चटकन खाली येतो. हा मात्र सावकाश चढतो आणि त्याहून सावकाश उतरतो. सगळी गंमत या उतरण्यातच आहे. तो पुरता सैल व्हायच्या आत दुसरा झटका दिला तर आकुंचन तिथूनच पुढं चढतं. तिसरा, चौथा... पायऱ्या. झटके आणखी जवळ आणले की पायऱ्या पुसल्या जातात आणि वर सलग सपाटी येते. तुम्ही कळ सोडत नाही. सपाटी कलू लागते, रेघ खाली खाली येते.

"काय व्हयनं रे भो?" हजेरीपट घेऊन आलेला शिपाई डोकावतो.

तुम्ही वहीत 'थकवा' लिहिता. सर पाणी बदलायला लावतात, दहा मिनिटं थांबवतात. पुन्हा झटका, टेकडी पुन्हा उमटते, जरा बुटकी.

पण नेमकं काय थकलं? अख्ख्या, जिवंत गांडुळात हे पाहायचं तर ऑसिलोस्कोप हवा, आणि तो या खोलीत नाही. म्हणून आणखी चौदा वर्षं मागं चला, इंग्लंडात, 1962 मध्ये. एम. बी. व्ही. रॉबर्ट्स गांडुळाच्या दचकण्यावर आणि त्या दचकण्याच्या थकव्यावर काम करताहेत. गांडुळाच्या चेतारज्जूत जाडजूड तंतू असतात: मधला डोक्याकडची धोक्याची खबर पळवतो, बाजूचे दोन शेपटाकडची. म्हणून तर पक्ष्याची चोच लागताच गांडूळ क्षणात बिळात आखडतं. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर तंतूचा एक ठिपका उडतो, मागोमाग स्नायूचा. उद्दीपन देत राहा. स्नायूचा ठिपका लहान होत होत नाहीसा होतो; तंतूचा तसाच उडतोय. खबर धावतेय, पण तंतू आणि स्नायू यांच्या मधल्या सांध्यांपाशी अडतेय. अशा वेळी स्नायूला दोष देणं म्हणजे वायरमन न आल्यानं बंद पडलेल्या मोटारीला शिव्या घालणं.

आता 2016. टेबल तेच, वर संगणक. 2014 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राणिशास्त्राच्या वर्गांतली विच्छेदनं थांबवली. माझ्या मते उशिराच. नुसत्या मार्कांसाठी इतके जीव खर्ची घालायचं कारण कधीच नव्हतं. तुम्ही माऊस दाबता, पायऱ्या उमटतात, सपाटी येते, रेघ कलते. कोपऱ्यातलं 'विश्रांती' दाबलं की आलेख लगेच पहिल्याइतका उंच. बुटकी टेकडी इथं कधीच येत नाही, त्यामुळे ती का आली असं सरांना विचारायची वेळही कुणावर येत नाही.