एमबीबीएससाठी लॅपटॉप घेताय? खरेदीआधी हे वाचा

नीटचा निकाल लागला, प्रवेश फेरीत कॉलेज मिळालं की घरात पुढची चर्चा सुरू होते ती लॅपटॉपची. फी, हॉस्टेल, मेस, पुस्तकं, अॅप्रन यांचा खर्च आधीच मोठा असतो. त्यात दुकानदाराने सुचवलेला महागडा लॅपटॉप खरंच लागतो का?

पहिल्याच दिवशी हवा का?

नाही. पहिल्या वर्षी अॅनाटॉमी, फिजिओलॉजी आणि बायोकेमिस्ट्री हे मुख्य विषय असतात. डिसेक्शन हॉल, प्रॅक्टिकल, हाताने लिहायची जर्नल्स यातच बराचसा दिवस जातो. विद्यापीठाचे थिअरीचे पेपरही हातानेच लिहायचे असतात. त्यामुळे कॉलेज सुरू झाल्यावर सीनियर्सना विचारून महिन्या-दोन महिन्यांनी खरेदी केली तरी नुकसान होत नाही.

पुढे मात्र व्हिडिओ लेक्चर्स, सेमिनारचं प्रेझेंटेशन, संशोधन प्रकल्प आणि प्रश्नसंच सोडवणं यासाठी लॅपटॉप उपयोगी पडतो. नीट-पीजी ही परीक्षा कॉम्प्युटरवर होते, त्यामुळे मोठ्या स्क्रीनवर टेस्ट देण्याचा सरावही होतो.

लॅपटॉपमध्ये काय पाहावं?

एमबीबीएस साडेचार वर्षांचं आणि त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप. म्हणजे मशीन साडेपाच वर्षं टिकायला हवं.

- रॅम: ८ जीबीवर काम भागतं, १६ जीबी असेल तर उत्तम. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, हे आधीच विचारावं.
- स्टोरेज: ५१२ जीबी एसएसडी. फक्त हार्ड डिस्क असलेलं मॉडेल टाळावं.
- स्क्रीन: १४ इंची, फुल एचडी, आयपीएस. हिस्टॉलॉजीच्या स्लाइड्स आणि एक्स-रे पाहताना फरक कळतो.
- वजन: दीड किलोच्या आसपास. गेमिंग लॅपटॉप बहुतेक वेळा दोन किलोंच्या वर जातो आणि बॅटरीही लवकर संपवतो.
- ग्राफिक्स कार्ड: वेगळं लागत नाही. थ्रीडी अॅनाटॉमीची अॅप्स नेहमीच्या चांगल्या लॅपटॉपवर चालतात.
- वॉरंटी: हॉस्टेल असलेल्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का, हे तपासावं.

टॅब्लेट चालेल का?

पीडीएफवर खुणा करायला, आकृत्या काढायला आणि लायब्ररीत न्यायला टॅब्लेट आणि स्टायलस सोयीचं. टायपिंग आणि प्रेझेंटेशनला लॅपटॉप बरा. घरी जुना पण चालू लॅपटॉप असेल, तर तो ठेवून साधा टॅब्लेट घेणं अनेकांना परवडतं. स्टायलस त्या मॉडेलला चालतो का, हे पाहूनच घ्यावा.

सेकंडहँड घेताना

विंडोज १० चा नियमित मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुना लॅपटॉप विंडोज ११ ला पात्र आहे का, हे पाहावं. इंटेल प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठवी जनरेशन किंवा त्यापुढची लागते. बॅटरी किती वेळ टिकते, हे चार्जर काढून तपासावं.

सोबत काय घ्यावं?

- बॅकअपसाठी एक्सटर्नल ड्राइव्ह
- हॉस्टेलच्या खोलीसाठी सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्सटेन्शन बोर्ड
- वायरचे इअरफोन, माउस आणि पॅड असलेली बॅग
- तासन्‌तास बसणाऱ्यांसाठी स्टँड आणि वेगळा कीबोर्ड

सॉफ्टवेअरवर फार खर्च करायची गरज नाही. लिबरऑफिस मोफत आहे. पाठांतरासाठी वापरलं जाणारं अंकी हे फ्लॅशकार्ड अॅप विंडोज, मॅक आणि अँड्रॉइडवर मोफत मिळतं; आयफोन-आयपॅडसाठी मात्र त्याला पैसे पडतात.

कर्जातून घ्यावा का?

अनेक बँकांच्या शैक्षणिक कर्जात, अभ्यासक्रमासाठी गरज असल्यास संगणकाचा वाजवी खर्च धरता येतो. पण त्यावर व्याज लागतं आणि परतफेड शिक्षण संपल्यावरही सुरू राहते. त्यामुळे वीस-तीस हजारांचा अनावश्यक फरक प्रत्यक्षात त्याहून महाग पडतो.

एक गोष्ट विसरू नये

वॉर्डात जायला लागल्यावर रुग्णांची माहिती हाताशी येते. नाव, चेहरा किंवा केसपेपरचे फोटो लॅपटॉपवर किंवा ग्रुपवर ठेवू नयेत. लॅपटॉपला पासवर्ड आणि एन्क्रिप्शन पहिल्या दिवसापासून असावं. लॅपटॉप चोरीला गेला तर नवा घेता येतो. रुग्णाची उघड झालेली माहिती परत झाकता येत नाही.