हिशेबातला डॉलर



गटाचा हिशेब आता बऱ्याच ठिकाणी वहीसोबत संगणकावरही ठेवला जातो. तिथल्या सूत्रात मध्येच $ अशी डॉलरची खूण दिसते आणि बैठकीत हमखास प्रश्न येतो, "आपला गट रुपयांचा, मग हा डॉलर कशाला?" प्रश्न रास्त आहे. या डॉलरचा अमेरिकेच्या पैशाशी काही संबंध नाही. 'इथून हलायचं नाही' असं संगणकाला सांगणारी ती एक खूण आहे. ती कधी आली, तिच्याआधी काय होतं आणि आपल्या व्याजाशी तिचा काय संबंध, हे आज आम्ही सांगणार आहोत. आम्ही म्हणजे गावोगावच्या गटांचे हिशेब पाहणाऱ्या समन्वयक.

आधी आपलाच तक्ता डोळ्यांसमोर आणा. संगणकावरचा तक्ता म्हणजे आखलेली वही. उभ्या रकान्यांना ए, बी, सी अशी अक्षरं, आडव्या ओळींना १, २, ३ असे आकडे. बी रकाना आणि पहिली ओळ जिथे मिळते ती चौकट बी१. हा तिचा पत्ता. समजा, बी१ मध्ये बैठकीत ठरलेला व्याजदर लिहिला आहे, २ टक्के, म्हणजे महिन्याला शेकडा दोन रुपये. दुसरी ओळ मोकळी. तिसऱ्या ओळीत मथळे आहेत : नाव, कर्जबाकी, व्याज. चौथ्या ओळीपासून सदस्यांची नावं. पहिलीची बाकी ५,०००, दुसरीची ८,०००, तिसरीची ३,००० आणि चौथीची ६,०००.

पहिलीच्या व्याजाच्या चौकटीत सूत्र लिहिलं : बी४ गुणिले बी१. उत्तर आलं १०० रुपये. अगदी बरोबर. आता तेच सूत्र खाली ओढलं. दुसरीचं व्याज आलं शून्य. तिसरीच्या चौकटीत चूक झाल्याची इंग्रजी पाटी. आणि चौथीचं व्याज तीन कोटी रुपये!

असं का होतं? सूत्र एक ओळ खाली गेलं की त्यातले दोन्ही पत्ते एकेक ओळ खाली सरकतात. दुसरीच्या ओळीत ते होतं बी५ गुणिले बी२. बी२ मोकळी, म्हणून शून्य. तिसरीच्या ओळीत व्याजदराच्या जागी बी३ येते आणि तिथे तर 'कर्जबाकी' हा शब्द आहे. चौथीच्या ओळीत येते बी४, म्हणजे पहिलीचे ५,०००. मग ६,००० ला ५,००० ने गुणलं जातं. तीन कोटी पाहून सगळ्या हसतात आणि चूक लगेच सापडते. भीती आहे ती त्या शून्याची. तिथे १६० रुपये हवे होते, पण शून्य कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. गटाच्या व्याजात तेवढी तूट येते आणि वर्षअखेरीला वाटणी करताना ती सगळ्यांच्या वाट्यातून जाते.

आता या गोष्टीचा इतिहास. मोठ्या हिशेबासाठी पूर्वी वहीची समोरासमोरची दोन पानं मिळून एक रुंद तक्ता आखत. त्यातला एक आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे खोडून पुन्हा मांडावे लागत. अमेरिकेत हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याला १९७८ मध्ये वाटलं, की आकडा बदलताच पुढचे आकडे आपोआप बदलतील असा तक्ता संगणकावर का असू नये? बॉब फ्रँकस्टन या मित्राने त्यासाठी प्रोग्राम लिहिला. १९७९ मध्ये तो ॲपल टू या छोट्या संगणकावर विक्रीला आला. नाव होतं व्हिसिकॅल्क, म्हणजे डोळ्यांना दिसणारा हिशेब.

अडचण ओळखली होती ती तेव्हाच. एक सूत्र अनेक ओळींत उतरवायचं, तर काही पत्ते सरकायला हवेत आणि काही जागच्या जागी राहायला हवेत. सदस्याची बाकी ओळीनुसार बदलली पाहिजे, व्याजदर बदलता कामा नये. पत्ते सरकतात म्हणूनच तर वीस जणींसाठी वीस सूत्रं लिहावी लागत नाहीत. सरकणं हा दोष नाही, ती सोय आहे. पण काय सरकवायचं हे यंत्राला कसं कळणार? व्हिसिकॅल्कने सरळ मार्ग धरला. सूत्र उतरवताना तो प्रत्येक पत्त्यापाशी थांबून विचारायचा, हा पत्ता सरकवू की तसाच ठेवू? उत्तरासाठी एकेक अक्षर दाबायचं.

रीत प्रामाणिक होती, पण तिच्यात एक उणीव होती. दिलेलं उत्तर सूत्रात कुठे लिहिलेलं राहत नसे. सूत्र पाहिलं तर नुसतं बी४ गुणिले बी१. यातला पक्का पत्ता कोणता, हे ज्या माणसाने तक्ता केला त्याच्या डोक्यात. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणी तेच सूत्र उतरवलं, की यंत्र तेच प्रश्न पुन्हा विचारणार आणि उत्तर देणारी व्यक्ती नवी असणार.

ही उणीव भरून काढण्याचे दोन मार्ग पुढच्या काही वर्षांत दिसले. मायक्रोसॉफ्टच्या १९८२ च्या मल्टिप्लॅनमध्ये ओळ आणि रकाना दोन्ही आकड्यांनी लिहीत. पक्का पत्ता साधा लिहायचा आणि सरकता पत्ता कंसात, म्हणजे 'इथून तीन ओळी वर' अशा अर्थाने. दुसरा मार्ग लोटस वन-टू-थ्रीचा. मिच केपर आणि जोनाथन सॅक्स यांनी केलेला हा प्रोग्राम जानेवारी १९८३ मध्ये आयबीएमच्या संगणकासाठी बाजारात आला. लोटस म्हणजे कमळ. केपर एकेकाळी ध्यान शिकवत असत आणि कंपनीचं नाव त्यांनी पद्मासनावरून घेतलं. या वन-टू-थ्रीमध्ये पक्क्या पत्त्याला डॉलरची खूण होती. रकान्याच्या अक्षराआधी एक, ओळीच्या आकड्याआधी एक. बी१ चं झालं $बी$१. ती खूण लावायला एफ४ ही कळही ठरवून दिली होती.

वन-टू-थ्रीने बाजार काबीज केला आणि १९८५ मध्ये लोटसने ब्रिकलिन-फ्रँकस्टन यांची कंपनीच विकत घेतली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचं एक्सेल मॅकिंटॉश संगणकावर आलं आणि १९८७ मध्ये विंडोजवर. मल्टिप्लॅनची पद्धत त्यांनी ठेवली, पण रोजच्या वापराला अक्षर-आकड्यांचे पत्ते आणि डॉलरची खूणच घेतली. एफ४ ही कळसुद्धा विंडोजच्या एक्सेलमध्ये आजवर तेच काम करते. २००६ मध्ये गुगलचा तक्ता आला, त्यातही हाच डॉलर. मोबाइलवर तक्ता उघडलात तरी तोच दिसेल.

डॉलर एकच लावला तर काय होतं? $बी४ लिहिलं, तर रकाना पक्का आणि ओळ सरकती. बी$४ लिहिलं, तर ओळ पक्की आणि रकाना सरकता. शाळेतला पाढ्यांचा तक्ता आठवा. वरच्या ओळीत बी१ पासून एक ते दहा, डावीकडच्या रकान्यात ए२ पासून खाली एक ते दहा. $ए२ गुणिले बी$१ हे एकच सूत्र लिहून आडवं-उभं ओढलं, की शंभर चौकटी भरतात. घरी मुलांना करायला सांगा, त्यांना चटकन समजेल.

म्हणजे डॉलरने काय केलं, तर निर्णय कागदावर आणला. काय पक्कं आणि काय सरकतं हे सूत्रातच लिहिलेलं दिसू लागलं, आणि लिहिलेलं दिसलं की विचारता येतं. आम्हाला या साऱ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. व्याजदर एकटी सचिव किंवा आमच्यासारखी समन्वयक ठरवत नाही. तो गटाच्या ठरावाने ठरतो. मग तक्त्यातही तो एकाच चौकटीत, सगळ्यांना दिसेल असा हवा आणि प्रत्येकीच्या ओळीने त्याच चौकटीकडे बोट दाखवायला हवं.

इथे एक सावधगिरी. डॉलरमुळे पक्का होतो तो पत्ता. चौकटीतला आकडा कुणीही बदलू शकतं. गटाने दर शेकडा दोनवरून दीडवर आणला आणि बी१ मध्ये दीड टक्का लिहिला, तर त्या चौकटीवर अवलंबून असलेले मागच्या महिन्यांचे हिशेबही क्षणात बदलतात. वसूल झालेलं व्याज एक आणि तक्ता सांगतो दुसरंच. म्हणून दर महिन्याचं पान वेगळं ठेवा आणि प्रत्येक पानावर त्या महिन्याच्या दराची स्वतःची चौकट ठेवा. शेजारी ठरावाची तारीख लिहा.

आकडा कुठून आला हे विचारण्याच्या हक्कासाठी आपल्या भागात फार पूर्वी मोठा झगडा झाला आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि ते लोण त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातही पसरलं. त्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. ते हिसकावून जाळले गेले. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा ज्या कागदावर घेतला होता, त्यातला आकडा कसा वाढत गेला हे त्याला कधी कळलंच नव्हतं. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता कर्ज मुळापासून तपासण्याची मुभा त्याने न्यायालयांना दिली.

आपले गट सावकारीला पर्याय म्हणून वाढले. नाबार्डने १९९२ मध्ये गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग ५०० गटांपासून सुरू केला. आज बँक कर्ज देताना गटाची दप्तरं पाहते. वही होती तेव्हा ती सगळ्यांच्या मध्ये उघडी पडलेली असायची. संगणकावर फक्त उत्तर दिसतं, सूत्र मागे दडतं. ते दडू देऊ नका.

पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा. पहिली, व्याजाच्या कोणत्याही चौकटीवर बोट ठेवून वरच्या पट्टीत सूत्र वाचायला सांगा आणि दराच्या पत्त्याला दोन्ही डॉलर आहेत ना ते पाहा. दुसरी, सगळ्यात शेवटच्या नावाचं व्याज तोंडी काढा. शेकडा दोनने साडेचार हजाराचे नव्वद, हे आपल्या म्हाताऱ्या आजीलाही येतं. शेवटचं जुळलं तर मधलं एखादं आणखी पाहा. तिसरी, कुठेही शून्य दिसलं तर त्या ताईला विचारा, "तुमचं कर्ज फिटलं का?" फिटलं नसेल, तर डॉलर कुठे राहिला ते शोधा.

यासाठी इंग्रजी यावं लागत नाही आणि संगणकही चालवता यावा लागत नाही. "हा आकडा कुठून आला?" एवढं विचारता आलं तरी पुरे. पुढच्या भागात कर्जाचा हप्ता कसा काढायचा ते पाहू. तोवर नमस्कार.