दुसरी किल्ली

आमच्या शाखेची तिजोरी एकट्याला उघडताच यायची नाही. एक किल्ली हेड कॅशियरकडे, दुसरी अकाउंटंटकडे. दोघं आल्याशिवाय दार हलत नसे. कुणी रजेवर निघालं की रजिस्टरमध्ये तारीख-वेळ घालून दोघांनी सह्या करायच्या, मगच किल्ली दुसऱ्याच्या हातात. डुप्लिकेट किल्ल्या लाखेनं मोहोरबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवलेल्या. मी अकाउंटंट असताना रात्री ती किल्ली उशाखाली घेऊन झोपायची. सासूबाई म्हणायच्या, "दागिने डब्यात टाकतेस नि ही लोखंडी बला उशाला घेतेस!"

पण त्या व्यवस्थेत कुणाला काही पाठ करावं लागत नव्हतं. पाठांतराची भानगड कॉम्प्युटरनं आणली.

तीही बरीच जुनी आहे. 1961 साली अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच मोठं यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था उभी केली. यंत्र एक, माणसं पुष्कळ, मग प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहणार कशा? प्रत्येकाला एकेक पासवर्ड द्यायचा! तिथल्या अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याला चारच तास मिळत, ते पुरत नसत. 1962 साली एका शुक्रवारी रात्री त्यानं पंचकार्डावर पासवर्डांची फाइल छापायची मागणी घातली आणि शनिवारी सकाळी जाऊन छापील कागद उचलला. झालं, दुसऱ्यांच्या नावावर हवे तेवढे तास! 1966 साली तर त्या यंत्रात दोन फायलींची अदलाबदल झाली आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. आमच्या हेड ऑफिसचं ऑडिट तिथं असतं तर काय झालं असतं, या कल्पनेनं मला अजून हसू येतं.

1979 साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी 3,289 पासवर्ड तपासले. 15 जणांनी फक्त एक अक्षर ठेवलं होतं. सहज शोधून काढता येतील असे एकूण 86 टक्के निघाले. आमच्या शाखेत नव्वदीत लेजर पोस्टिंगची मशिनं आली तेव्हा कुणी मोजदाद केली नाही, पण गणपती, साईबाबा आणि थोरल्या मुलाचं नाव एवढ्यात निम्मा स्टाफ उरकला असता. दर महिन्याला पासवर्ड बदलायचा फतवा निघाला, तेव्हा मोरयाचे मोरया-एक, मोरया-दोन झाले. डिसेंबरात मोरया-बारा. फतवा अक्षरशः पाळला गेला.

अशा फतव्यांना पुढे मोठा आधार मिळाला तो बिल बर यांचा. अमेरिकेच्या मानक संस्थेतले हे गृहस्थ. मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडे, चिन्हं यांची मिसळ करा आणि ठरावीक मुदतीनं बदला, हा सल्ला त्यांनी 2003 साली लिहिला. हाताशी खरी आकडेवारी नव्हती, म्हणून 1980च्या दशकातल्या एका जुन्या टिपणावर त्यांनी बरीच भिस्त ठेवली. जगभरच्या बँकांनी तो सल्ला उचलला. 2017 साली त्याच संस्थेनं हे नियम मागे घेऊन नवे काढले आणि जुन्यांतल्या बऱ्याचशा गोष्टींचा आपल्याला पस्तावा होतो, असं निवृत्त बर साहेबांनी सांगून टाकलं. माणूस सरळ.

तो सल्ला टेबलावरच्या कीबोर्डसाठी होता. माझा फोन चार इंची आणि माझा अंगठा पोळपाट-लाटण्याचा. मिसळीतली सहाच अक्षरं घ्या: मोठा के, सात, हॅश, लहान आर, महिरपी कंस, मोठा पी. मोठ्या अक्षरासाठी आधी बाण दाबा, आकड्यासाठी पान बदला, कंसासाठी त्याच्याही मागचं पान उघडा, परत अक्षरांकडे या. मी मोजलं: सहा अक्षरांना तेरा टिचक्या. टाइप केलेलं अक्षर क्षणभर दिसतं आणि त्याचा ठिपका होतो. शेजारचं अक्षर दाबलं गेलं तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. औषधाच्या दुकानात, मागे रांग, बँकेच्या अ‍ॅपचा पासवर्ड असा तीनदा चुकला नि माझंच खातं माझ्यावर बंद झालं. ज्या बँकेचं ते अ‍ॅप, तिथल्या मुलानं फॉर्म पुढे करत सांगितलं, "आजी, सोपा ठेवायचा ना!" अरे बाबा, सोपा तुमचं अ‍ॅप घेत नाही.

लांब पण साधा पासवर्ड ठेवण्याची युक्ती अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी 1995 सालीच सांगितली होती. पाच फासे टाकायचे. पडलेल्या आकड्यांवरून 7,776 शब्दांच्या यादीतला एक शब्द उचलायचा. असे पाच शब्द घेतले की शक्यता होतात अठ्ठावीसवर अठरा शून्यं. सगळी लहान अक्षरं, पान बदलणं नाही. टिचक्या जास्त पडतात, पण अंगठा चुकत नाही. शब्द मात्र फाशांनीच निवडायचे. आपण निवडले की पुन्हा मोरया. यादी इंग्रजी आहे, पण बँकेत तीस वर्षं काढलेल्या बाईला ती जड नाही. नातीच्या सापशिडीचा एकच फासा मी पंचवीस वेळा टाकला.

हा एकच पासवर्ड मी पाठ केला. बाकीचे सगळे फोनमधल्या पासवर्डांच्या तिजोरीत, त्याच किल्लीखाली. काही अ‍ॅप तिथून उचललेला पासवर्ड चिकटवू देत नाहीत. 2017च्या त्याच नव्या नियमांत चिकटवू द्या असं लिहिलेलं आहे, कुणी वाचेल तर.

खुद्द कॉर्बाटोंनी म्हातारपणी पासवर्डांची तीन टंकलिखित पानं जपून ठेवली होती. मी एकच कागद ठेवलाय. तो पाकिटात घालून, जोडावर सही करून धाकट्या बहिणीच्या कपाटात ठेवला आहे. लाख काही मिळाली नाही, म्हणून सेलोटेप लावला.