मिशन शौर्य

मिशन शौर्य (२०१७–१८) : चंद्रपूर जिल्ह्यातील शासकीय आश्रमशाळांच्या आदिवासी विद्यार्थ्यांची एव्हरेस्ट मोहीम. महाराष्ट्र शासनाचा आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासन यांनी ती राबवली. मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण ८,८४८ मीटर उंचीच्या शिखरावर पोहोचले.

पार्श्वभूमी : शेजारच्या तेलंगणातील मालावत पूर्णा या वसतिशाळेतील आदिवासी मुलीने २५ मे २०१४ रोजी, चौदा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, एव्हरेस्ट सर केले होते. तिच्या घडणीवर राहुल बोस यांनी 'पूर्णा' (२०१७) हा चित्रपट काढला. चंद्रपूर जिल्ह्याच्या राजुरा-जिवती पट्ट्यातल्या मुलांनी हीच वाट प्रत्यक्षात चालून दाखवली.

प्रशिक्षण : ऑगस्ट २०१७ मध्ये सराव सुरू झाला. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि लेह-लडाख असे त्याचे टप्पे होते. माणिकगडच्या डोंगररांगा आणि रानवाटा यांमुळे चढण-उतरण या भागातल्या मुलांच्या अंगवळणी पडलेली असते. बर्फ मात्र पूर्णपणे नवा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तर एव्हरेस्टच्या माथ्यावर तो शून्याच्या बराच खाली असतो आणि हवेतला प्राणवायू उंचीबरोबर घटून समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो.

अशा चढाईत बुटांना धातूच्या दात्यांचे क्रॅम्पॉन बांधतात. जुमार नावाची पकड बांधलेल्या दोरावर वर सरकते, खाली घसरत नाही. गिर्यारोहक ती पुढे ढकलतो, तिच्या आधाराने एक पाऊल टाकतो, दम घेतो आणि पुन्हा ढकलतो. जाड हातमोजे न काढता दोराच्या प्रत्येक गाठीशी ही पकड सोडवून पलीकडे अडकवावी लागते. काही महिन्यांत एवढे कौशल्य हाती बसवणे, हेच या मुलांचे खरे शिक्षण होते.

महत्त्व : २७ मे २०१८ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी या पाचही जणांची नावे घेतली. आश्रमशाळा एरवी गैरसोयींसाठीच बातम्यांत येतात. योग्य प्रशिक्षक, साधने आणि पुरेसा वेळ मिळाला तर त्याच शाळांतली मुले जगातल्या कठीण परीक्षेलाही उतरतात, हे या मोहिमेने सिद्ध केले. २०१९ मध्ये राज्यातील आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांची दुसरी तुकडी एव्हरेस्टवर गेली.